आपल्या शिवारातील ऑर्किड

ऑर्किड हा शब्द कानांवर पडताच आपल्या मनात जे चित्र उभे राहते, ते बहुधा एखाद्या दूरच्या प्रदेशाचे असते. सदैव धुक्यात बुडालेली डोंगरांची रांग, शेवाळाने मखमली झालेली झाडे, पानांवरून ठिबकणारे पाणी आणि त्या ओलाव्यात फुललेले रंगीबेरंगी घोस! किंवा मग शहरातील फुलांचे दुकान तरी आठवते. लग्नमंडपाच्या शोभेसाठी ज्या जांभळ्या फुलांच्या काड्या आज आपल्याकडे सर्रास वापरल्या जातात, त्या पुष्कळदा थायलंडातील मळ्यांतून विमानाने आलेल्या असतात. साहजिकच बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या भागातील मनुष्य ऑर्किडाकडे पाहुणा म्हणूनच पाहतो. तुरीच्या आणि ज्वारीच्या या मुलखात, जांभ्याच्या तांबड्या माळावर आणि काळ्या रानात असले नाजूक फूल कोठून असणार, असे त्याला वाटते.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ज्या आंब्याच्या झाडाखाली बसून आपण न्याहारी करतो, त्याच आंब्याच्या बेचक्यात एक ऑर्किड अनेक वर्षे मुक्काम करून असण्याचा पुष्कळ संभव असतो. आपण त्याला पाहिलेले असते, परंतु ओळखलेले नसते. पाहणे आणि ओळखणे यांत जे अंतर आहे ते ओलांडण्याचा आनंद फार मोठा आहे, आणि त्यासाठी घरापासून दूर जावे लागत नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम या कुलाची थोडी ओळख करून घेऊ. ऑर्किडांच्या कुलाला मराठी वनस्पतिग्रंथांत 'आमर' हे नाव आहे. जगात या कुलाच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेने २०१९ साली जी गणना प्रसिद्ध केली, तीत आपल्या देशातील जातींची संख्या १,२५६ भरली, आणि त्यांपैकी ३८८ जाती भारताबाहेर कोठेही आढळत नाहीत. या संपत्तीचा मोठा वाटा ईशान्येकडील डोंगरांकडे आणि सह्याद्रीकडे जातो, हे खरे. वर्षाकाठी सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि वैशाखात भट्टीसारख्या तापणाऱ्या आपल्या पठाराच्या वाट्याला त्यांतील थोड्याच जाती येतात. पण थोड्या आहेत म्हणूनच त्या शोधण्यात गोडी आहे. जेथे झाडागणिक ऑर्किड असते, तेथे शोधायचे ते काय?

आपल्या भागात ज्या ऑर्किडाची गाठ सर्वांत सुलभतेने पडते त्याचे शास्त्रीय नाव 'वंदा टेसेलाटा' असे आहे. मराठीत याला काही ठिकाणी बांदे, तर काही ठिकाणी रास्ना म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला 'वंदा' असेच म्हणू. ही वनस्पती आंबा, मोह, बाभूळ अशा खडबडीत सालीच्या झाडांवर राहते. तिचे खोड फार तर हात-दीड हात लांबीचे असते. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन ओळींत वीतभर लांबीची, जाड, चिवट पाने असतात. ही पाने मध्यशिरेवर दुमडलेली असल्यामुळे त्यांना पन्हळीचा आकार येतो, आणि त्यांची टोके कोणी कात्रीने वेडीवाकडी कापावीत तशी दिसतात. खोडातून करंगळीहून बारीक अशी राखी-पांढरी मुळे निघतात. त्यांतील काही फांदीला घट्ट कवटाळून बसतात, तर काही नुसतीच हवेत लोंबत राहतात.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत हिला फुले येतात. पानांच्या बगलेतून एक दांडा निघतो आणि त्यावर पाच-सहापासून दहा-बारापर्यंत फुले उमलतात. प्रत्येक फूल दीड-दोन इंच रुंदीचे असते. पाकळ्या बाहेरून पांढऱ्या, तर आतून पिवळसर-हिरव्या असून त्यांवर तपकिरी रेषांची जाळी विणलेली असते. या सर्वांच्या मध्ये निळसर-जांभळ्या रंगाची एक जिभेसारखी पाकळी पुढे आलेली असते. 'टेसेलाटा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी चौकडीदार, फरशीच्या नक्षीसारखी, असा आहे. फुलांना मंद व गोड सुवास असतो. झाडाखाली उभे राहून पाहणाऱ्याला ही फुले पानांत मिसळून गेल्यासारखी वाटतात, परंतु एकदा दिसली की नजर तेथून हलत नाही.

आता कोणी विचारील की इतकी देखणी वनस्पती घराजवळ असूनही आपल्या ध्यानात कशी आली नाही? याचे कारण एका नावात दडलेले आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला आपण सरसकट 'बांडगूळ' म्हणतो. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे, अशी आपली पक्की समजूत आहे, आणि ती इतकी पक्की आहे की माणसांनाही आपण ही शिवी देतो. आंब्याची निगा राखणारा शेतकरी झाडावर चढला की कोयत्याने बांडगुळे छाटतो. ते योग्यच आहे. पण त्या छाटणीत पुष्कळदा वंदाही जाते. बांडगुळाच्या अपराधाबद्दल तिला शिक्षा होते.

वास्तविक या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खरे बांडगूळ पाहा. त्याचे बी चिकट असते. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो आणि ते बी फांदीवर चिकटवून जातो. बी रुजले की त्याचे शोषक मूळ सालीतून थेट लाकडात घुसते आणि झाडाने जमिनीतून वर आणलेले पाणी व क्षार मधल्या मध्ये पळवते. बांडगुळाची पाने हिरवी असतात, म्हणून अन्न ते स्वतः तयार करते, परंतु त्याचा कच्चा माल चोरीचा असतो. जेथे ते फांदीला जोडलेले असते तेथे गाठ येते आणि गाठीपुढची फांदी हळूहळू वाळते.

वंदाचे तसे नाही. तिची मुळे सालीच्या आत शिरत नाहीत, बाहेरूनच धरून राहतात. झाडाकडून तिला हवी असते ती बसण्यापुरती जागा आणि उजेड. पावसाचे पाणी, सालीवरून ओघळून येणारी धूळ, कुजलेल्या पानांचा चुरा आणि पाखरांची विष्ठा एवढ्यावर तिचा संसार चालतो. म्हणजे एक घरात शिरून धान्य चोरणारा, तर दुसरी ओसरीवर टेकलेली वाटसरू.

नवलाची गोष्ट अशी की हा भेद आपल्या जुन्या कोशकारांच्या शब्दांत सूचित झालेला आहे. अमरकोशात 'वंदा' हा शब्द आला आहे आणि त्याचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत 'वृक्षादनी' व 'वृक्षरुहा' असे दोन आहेत. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, पण अर्थाच्या दृष्टीने बांडगूळ हे वृक्षादनी आहे आणि आपली आमरी वृक्षरुहा आहे. हा विवेक आपण ठेवला तर कित्येक वंदा कोयत्यातून वाचतील.

'वंदा' हा संस्कृत शब्द पुढे साऱ्या जगाच्या वनस्पतिशास्त्रात कसा गेला, ही हकिकतही ऐकण्यासारखी आहे. कलकत्त्यास १७८४ साली एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारे सर विल्यम जोन्स हे संस्कृतचे पंडित म्हणून प्रसिद्ध आहेत, परंतु आयुष्याच्या अखेरीच्या वर्षांत त्यांना वनस्पतींचा मोठा छंद लागला होता. हिंदुस्थानातील वनस्पतींना त्यांची येथील नावेच द्यावीत, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी या झाडावरच्या ऑर्किडाचे वर्णन 'वंदा' या नावाने लिहून ठेवले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या सचित्र ग्रंथात याच वनस्पतीचे चित्र आणि वर्णन निराळ्या नावाने दिले. 'टेसेलाटा' हे विशेषण त्यांचे. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी जोन्सांचा शब्द उचलून 'वंदा' ही प्रजाती शास्त्रशुद्ध रीतीने स्थापन केली, आणि तिचा नमुना म्हणून जी जाती धरली गेली ती हीच.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आसामची आणि खासी टेकड्यांची सुप्रसिद्ध निळी वंदा, आग्नेय आशियातील नाना रंगांच्या वंदा, आणि त्यांच्या संकरातून निर्माण झालेल्या असंख्य बागायती जाती या सगळ्यांचे आडनाव ज्या एका वनस्पतीवरून पडले, ती आपल्या बांधावरच्या आंब्यावर बसलेली आहे. या घराण्याचा मूळपुरुष शोधण्यासाठी खासी टेकड्या चढण्याची गरज नाही. भालकीच्या किंवा हुमनाबादच्या एखाद्या जुन्या आमराईत मान वर करून पाहावे.

परंतु येथे एक शंका येते. जी वनस्पती जमिनीला स्पर्शही करीत नाही, ती आपल्या कडक उन्हाळ्यात तग कशी धरते? मृग निघाल्यावर पाणी मिळेल हे ठीक; पण माघापासून ज्येष्ठापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत तिने काय करावे? निसर्गाने तिला यासाठी दोन युक्त्या दिल्या आहेत.

पहिली युक्ती मुळांत आहे. तिची मुळे राखी-पांढरी दिसतात, कारण त्यांच्यावर मृत, पोकळ पेशींचे एक जाड आवरण असते. त्याला 'व्हेलामेन' म्हणतात. कोरड्या दिवसांत या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसते आणि आतला ओलावा बाहेर जात नाही. वळवाची एखादी सर आली की हे आवरण टिपकागदासारखे पाणी शोषून घेते आणि पाहता पाहता मूळ हिरवे दिसू लागते, कारण ओलसर झालेल्या आवरणातून आतील हरितद्रव्य डोकावते. हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. खालच्या फांदीवरील वंदाच्या मुळावर ओंजळभर पाणी शिंपडावे आणि क्षणभर थांबावे.

दुसरी युक्ती पानांत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा आपल्या पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात. त्या वेळी त्यांच्यातील पाणी वाफ होऊन बाहेर जाते. वंदा दिवसा ही छिद्रे बंद ठेवते आणि रात्री, हवा गार झाल्यावर, उघडते. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवायचा आणि दिवसा दारे लावून घेऊन उन्हाच्या साहाय्याने त्याचे अन्न करायचे, असा तिचा क्रम असतो. निवडुंग आणि अननस हेही याच वाटेचे प्रवासी आहेत. आपल्याकडचे शहाणे लोक वैशाखातील दुपारी दारे-खिडक्या लावून बसतात आणि रात्री अंगणात खाट टाकतात. वंदाचा व्यवहार याहून निराळा नाही.

तिच्या संततीची कथा मात्र अधिक नाजूक आहे. ऑर्किडाच्या फुलात पराग सुटा, पुडीसारखा नसतो. तो लहान लहान गोळ्यांत बांधलेला असतो. फुलात शिरणाऱ्या कीटकाच्या अंगाला हे गोळे चिकटतात आणि त्याने दुसऱ्या फुलाला भेट दिली तरच पुढचे कार्य होते. अशी भेट घडली की मग एका बोंडात हजारो, कधी लाखोही बिया धरतात. पण या बिया म्हणजे अक्षरशः धूळ असते. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या दाण्यात रोपासाठी जशी शिदोरी बांधलेली असते तशी शिदोरी त्यांच्यापाशी नसते. वाऱ्यावर उडत गेलेले असे बी एखाद्या सालीच्या भेगेत अडकले, आणि तेथे विशिष्ट प्रकारची बुरशी असली, आणि त्या बुरशीने त्याला प्रारंभीचे अन्न पुरविले, तरच ते रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली बुरशीचा हा संबंध ओळखला. त्यानंतर १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखरमिश्रित माध्यमावर बिया रुजवून दाखविल्या, आणि प्रयोगशाळेत ऑर्किडे वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा वंदाला आश्रित म्हणावयाचेच असेल, तर ती आंब्याची नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका बुरशीची आश्रित आहे!

रुजल्यानंतरही पहिले फूल येण्यास कित्येक वर्षे जातात. लाखो बियांतून एखादेच रोप फुलण्यापर्यंत पोहोचते. आंब्यावर दिसलेली फुललेली वंदा ही अशा अनेक दुर्मिळ योगायोगांची बेरीज असते. हे एकदा कळले म्हणजे ती उपटून घरी नेण्याची इच्छा आपोआप मावळावी.

आता ती शोधावी कशी याविषयी थोडे. कोवळ्या, कलमी आंब्यांवर ती क्वचितच दिसते. तिला पाहिजे जुने झाड. ज्याच्या सालीला भेगा आहेत आणि ज्याच्या फांद्यांना कोणी वर्षानुवर्षे धक्का लावलेला नाही असे. विहिरीवरचे गावरान आंबे, ओढ्याकाठची मोहाची झाडे, पाणंदीच्या कडेचे वृक्ष, देवळाच्या आणि दर्ग्याच्या आवारातील झाडे ही तिची घरे. फाल्गुन-चैत्रात पानझडीची झाडे निष्पर्ण होतात. त्या वेळी उघड्या फांदीवर हिरव्यागार पानांचा झुबका दिसला, तर तो जवळ जाऊन पाहावा. फांदीला गाठ असेल आणि झुबक्याला फांद्या फुटलेल्या असतील, तर ते बांडगूळ. राखी मुळे, आणि दोन ओळींत लावलेली पन्हळीसारखी पाने असतील, तर ती वंदा. फुले मात्र ज्येष्ठाच्या सुमारास पाहावीत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती चटकन दिसतात आणि त्यांचा वासही त्याच वेळी चांगला येतो.

गुराखी, आमराईचे राखणदार आणि तांड्यावरचे लमाण यांना विचारावयास विसरू नये. कोणत्या झाडावर काय आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ते तिला निराळ्या नावाने ओळखतील, पण ओळखतील हे निश्चित.

ज्यांना थोडी वाट चालण्याची हौस असेल, त्यांनी कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीच्या रानात जावे. कर्नाटक शासनाने २०११ साली तेथील सुमारे १३५ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला अभयारण्याचा दर्जा दिला. कोरड्या पठारावरील पानझडीचे रान कसे असते, हे पाहावयास त्यासारखे ठिकाण जवळपास नाही. चंद्रमपल्लीच्या जलाशयाभोवतालच्या या रानातून फूल, पान किंवा कंद काहीही उचलून आणणे कायद्याने निषिद्ध आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. तेथून आणावयाचे ते फक्त डोळ्यांत साठवून.

ऑर्किडे केवळ झाडावरच असतात असेही नव्हे. दख्खनच्या गवताळ माळांवर जमिनीत कंद धरून राहणाऱ्या आमरीही आहेत. वर्षाचे आठ महिने त्या जमिनीखाली झोपून असतात. पाऊस पडून गवत गुडघ्याइतके झाले की त्यांचा दांडा वर येतो. हबेनेरिया या गटातील फुले पांढरी, हिरवट किंवा पिवळी असतात आणि प्रत्येक फुलाच्या मागे मधाची एक लांब नळी, शेपटीसारखी, लोंबत असते. श्रावण-भाद्रपदात बीदरच्या जांभ्याच्या माळावर फिरावयास जाणाऱ्याने गवतातून चालताना पायांकडेही लक्ष द्यावे. युलोफिया या दुसऱ्या गटाच्या कंदांशी आपला परिचय फार जुना आहे, पण तो फुलांच्या रूपाने नाही. हकिमाच्या दुकानात 'सालममिश्री' म्हणून जे पौष्टिक विकले जाते, त्यात आपल्याकडे पुष्कळदा हेच कंद असतात. ज्याने दुधातून सालममिश्री घेतली असेल, त्याने न कळत ऑर्किड खाल्लेले असण्याचा संभव आहे!

येथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, एवढ्या चार-दोन जातींसाठी इतका उत्साह कशाला? सह्याद्रीत एका दिवसात याच्या कितीतरी पट जाती पाहावयास मिळतील. हा आक्षेप खोटा नाही. पण जवळच्या गोष्टीचा एक लाभ दूरच्या गोष्टीला कधीच मिळत नाही. जवळची गोष्ट पुन्हा पुन्हा पाहता येते. दूरच्या डोंगरावरील ऑर्किड आपण फुललेले पाहतो आणि परततो. बांधावरच्या वंदाची पहिली कळी, उमललेले फूल, त्यावर आलेला कीटक, धरलेले बोंड आणि कित्येक महिन्यांनी फुटून वाऱ्यावर गेलेली धूळ, हे सारे एकाच पाहणाऱ्याला दिसू शकते.

चार्ल्स डार्विन यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला हा शास्त्रज्ञ १८४२ साली इंग्लंडमधील डाउन नावाच्या खेड्यात राहावयास गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. घरापासून थोड्याच अंतरावर एक उतरण होती. तेथे रानटी ऑर्किडे उगवत, म्हणून घरची मंडळी तिला 'ऑर्किसची उतरण' म्हणत. तेथे वरचेवर जाऊन डार्विन यांनी फुले आणि कीटक यांचे नाते तपासले, आणि १८६२ साली ऑर्किडांच्या परागीकरणावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच ग्रंथात त्यांनी मादागास्करच्या एका ऑर्किडाची जवळजवळ फूटभर लांबीची मधुनलिका पाहून, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे, असे भाकीत केले. १९०३ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी, तसा पतंग शास्त्राला ठाऊक झाला. मादागास्करला न जाता ते हे सांगू शकले, कारण घराजवळच्या उतरणीने त्यांना फुलांची भाषा शिकविली होती.

आपल्या भागाला तर अशा जवळून पाहणाऱ्यांची विशेष गरज आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील थिओडोर कुक यांचा महाग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. मद्रास इलाख्याचे काम गॅम्बल यांनी १९१५ साली सुरू केले, आणि ते १९३६ साली पुरे झाले. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या राज्यात असल्यामुळे या दोन ग्रंथांच्या मधल्या पोकळीत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचेच तीन राज्यांत वाटप झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद त्या वेळच्या म्हैसूर राज्यात. रेषा कागदावर पडली. मांजरेच्या दोन्ही काठांवरील झाडे होती तेथेच राहिली. पुढे औरंगाबादचे प्राध्यापक वि. ना. नाईक यांनी १९७९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या आणि १९९८ साली संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचे ग्रंथ सिद्ध केले, तर २००० साली गुलबर्गा जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ तेथील विद्यापीठातील अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. पाया घातला गेला आहे. आता गावोगावच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या शिवारातील नोंद ठेवली, कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, किती फुले आली एवढे जरी वहीत लिहिले, तरी ती मोलाची भर ठरेल.

ही नोंद लवकर होणे जरूर आहे, कारण वंदाचे घरच धोक्यात आहे. गावरान आंबे आज झपाट्याने जात आहेत. रस्ता रुंद करावयाचा म्हणून, सावलीखाली पीक येत नाही म्हणून, किंवा लाकडाला भाव आला म्हणून, शंभर वर्षांचे झाड एका दिवसात आडवे होते. त्याच्या जागी कलम लावले तरी त्याची साल वंदाला रुचेल अशी होईपर्यंत एक पिढी सरते. दुसरा धोका औषधांसाठी होणाऱ्या तोडणीचा. आयुर्वेदातील 'रास्ना' या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, आणि वंदाची मुळे ही त्यांपैकी एक आहेत. मूळ काढले की वनस्पती संपली. तिसरा धोका हौशी माणसांचा. हूकर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली खासी टेकड्यांतून निळ्या वंदाची सात माणसांनी वाहून न्यावी लागतील इतकी ओझी गोळा करून लंडनच्या क्यू उद्यानासाठी रवाना केली. त्यांतील फारच थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. जेथे हूकरसारख्या जाणकाराच्या हातून असे झाले, तेथे आपल्या कुंडीत ती जगेल हा भरवसा कोणी द्यावा? ज्यांना घरी ऑर्किड हवेच असेल, त्यांनी रोपवाटिकेत प्रयोगशाळेतून आलेले विकत घ्यावे. रानातले रानात राहू द्यावे.

एक गोष्ट मात्र आपण अवश्य करावी. वळवाच्या वादळात फांदी मोडून पडली, किंवा झाडच तोडले गेले, तर त्यावरील वंदा जमिनीवर सुकून जाते. अशा वेळी ती सालीच्या तुकड्यासकट अलगद सोडवून घ्यावी, जवळच्याच दुसऱ्या जुन्या आंब्याच्या अर्धवट सावलीच्या फांदीवर काथ्याने सैलसर बांधावी, आणि पाऊस सुरू होईपर्यंत अधूनमधून पाणी शिंपडावे. पावसाळ्यात नवी मुळे सालीला चिकटली की काथ्या आपोआप कुजून पडेल. मातीत मात्र ती कदापि लावू नये. मातीत तिची मुळे गुदमरून कुजतात. बांडगुळे छाटणाऱ्या गड्यालाही झाडावर चढण्यापूर्वी दोहोंतील फरक दाखवून द्यावा. त्याला दोन मिनिटे लागतील आणि वंदाची कित्येक वर्षे वाचतील.

येत्या ज्येष्ठात पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी एखादी सकाळ काढून आपल्या शिवारातील सर्वांत जुन्या आंब्याखाली जावे. बरोबर एखादे मूल असावे, कारण मुलांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते. कैऱ्या शोधण्यासाठी आपण त्या झाडाकडे शेकडो वेळा पाहिलेले असेल. या वेळी फांद्यांची बेचकी पाहावीत. राखी मुळांचा गुंता आणि त्यावरील चौकडीचे फूल दिसले, तर ते मुलाला दाखवावे, त्याचे नाव सांगावे, आणि ते नाव आपल्याच भाषांच्या कुळातून साऱ्या जगात गेले आहे, हेही सांगावे. त्या झाडावर कुऱ्हाड चालविण्याची वेळ उद्या कधी आली, तर थांबा म्हणणारे निदान एक माणूस गावात तयार झालेले असेल.